समेवरची ठकठक

बाबांच्या अकरा कॅसेट मी एका दुपारी संपवल्या. रागाने नाही, आणि हातून पडून-फुटूनही नाही. व्यवस्थित विचार करून, हातात यादी घेऊन. त्या यादीत गॅसचं कनेक्शन परत करणं, सोसायटीचं पत्र घेणं आणि कॅसेट अशी तीन कामं एकाखाली एक होती. तिन्ही एकाच दिवशी उरकली म्हणून संध्याकाळी मला बरं वाटलं होतं, हेही मला आठवतं.

मी आयर्लंडमधल्या लिमरिकजवळच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. आम्ही हृदयाच्या शस्त्रक्रियेत लागणाऱ्या बारीक नळ्या बनवतो. काही बिघडलं की काय झालं, का झालं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, असं तीन रकान्यांत लिहायचं, हे माझं बावीस वर्षांचं काम. एकदा कॅसेटचंही तसं लिहायला बसले. पहिला रकाना भरला, दुसराही भरला. तिसऱ्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. ते पुन्हा होणं शक्यच नव्हतं.

बाबा पुण्यात टेलिफोन खात्यात होते. दिवसा खांबावर नाहीतर एक्स्चेंजमध्ये, संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार. सिनेमाची गाणी, गणेशोत्सवाचे मांडव, लग्नाचे हॉल. ऑर्केस्ट्रातला बेसवाला कुणाच्या लक्षात राहत नाही. गायिका राहते, निवेदक राहतो, अगदी खुळखुळा वाजवणाराही राहतो. बाबांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

त्या काळी पुण्यात आफ्रिकेतून शिकायला आलेले बरेच विद्यार्थी असत. त्यांतला एक केनियाचा विद्यार्थी शेती कॉलेजात शिकायचा आणि आमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहायचा. त्याच्या खिडकीसमोरच्या खांबावर बाबा तार जोडत होते आणि आत टेपरेकॉर्डर चालू होता. बाबांनी पहिल्यांदा रेगे ऐकलं ते असं, पट्ट्याने खांबाला बांधलेले असताना. तार जोडून झाली तरी ते खाली उतरले नाहीत. खालून साहेब ओरडत होते. शेवटी बाबांनी खांबावरूनच खिडकीत विचारलं, "हे काय आहे?" तो म्हणाला, "रेगे." जमैका बेटावरच्या त्या संगीताचं नाव आमच्या गल्लीत लोकांना आडनाव वाटायचं. पुढे बरीच वर्षं शेजारच्या काकू आईला विचारत, "आज तुमच्या यांचं रेग्यांकडे आहे का हो?"

त्यातून बॅण्ड झाला. तिघांचाच. केनियाचा विद्यार्थी गिटारवर, बाबा बेसवर आणि गायला, आणि ऑर्केस्ट्रातलेच एक ढोलकीवाले. हे ढोलकीकाका मूळचे तमाशाच्या फडातले. त्यांना रेगे म्हणजे काय हे सांगायला बाबांना एक वाक्य पुरलं: "केरवाच आहे, फक्त सम रिकामी सोडायची आणि जोर 'खाली'वर, म्हणजे पाचव्या मात्रेवर द्यायचा."

ज्यांनी कधी टाळ्या वाजवत ठेका धरला आहे त्यांना कळेल की हे सांगणं किती सोपं आणि करणं किती अवघड आहे. आपल्याकडे सगळी धडपड समेवर येण्यासाठी असते. आठ मात्रा फिरून पहिल्या मात्रेवर थाप पडली की समोरचा मान हलवतो. ढोलकीकाकांचा हात पंचवीस वर्षं त्या थापेवर पोसलेला. बाबा म्हणत होते की नेमकी तीच थाप मारायची नाही. पहिले कित्येक दिवस काका समेवर थाप मारायचेच, मग स्वतःलाच शिवी द्यायचे.

"अहो, हात आपसूक पडतो," ते म्हणायचे. "जेवताना तोंडाकडं जावा तसा."

"मग त्या हाताला दुसरं काम द्या," बाबा म्हणाले. "तंबाखू मळता ना? समेला तंबाखूला टिचकी मारा. ढोलकीला नको."

आणि काकांनी खरंच ते केलं. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, समेवर उजव्या बोटाची टिचकी, आणि मग हात ढोलकीवर. कॉलेजच्या वसतिगृहातले कार्यक्रम ऐकणाऱ्यांना वाटायचं की या माणसाला वाजवतानाही तलफ आवरत नाही. मी समोर सतरंजीवर बसलेली असायची आणि मला खरं कारण माहीत असायचं. ते गुपित मला फार मोठं वाटायचं.

बाबांनी मराठी गाणी बांधली. सगळी मिळून नऊ. त्यांतलं एक टेलिफोनवाल्याचं होतं. अख्ख्या पेठेचं बोलणं त्याच्या हातातून जातं, पण त्याच्या स्वतःच्या घरी फोन नाही. "गल्लीभर घंटा वाजते, माझ्या दारी चूप," असं त्याचं धृपद. हे खरंच होतं. आमच्याकडे फोन सगळ्यांत शेवटी आला, कारण खात्यातल्या माणसाने रांग मोडायची नाही असं बाबांचं म्हणणं होतं. लोक त्या गाण्याला हसायचे. बाबा म्हणायचे, शब्दांचं सोडा, ते कुणीही लिहील. गाणं बेसमध्ये आहे.

नवव्या वर्षापासून बाबा मला बेस शिकवायला लागले. माझे हात लहान, तारा जाड. शिकवायची पद्धत एकच: समोरासमोर बसायचं, अनवाणी. समेवर पाय आपटायचा, हात उचलून धरायचा. पाय बोलणार, हात गप्प. फरशीवर त्यांच्या टाचेची ठकठक अजून ऐकू येते असं मी लिहिणार होते, पण ते खरं नाही. ती ऐकू येत नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते तेच आहे.

दहावीचं वर्ष आलं तेव्हा मी बेस खाली ठेवला. बाबा म्हणाले, "परीक्षा होऊ दे." परीक्षा झाली. मग बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न, आयर्लंड. केनियाचा विद्यार्थी कधीच परत गेला होता. ऑर्केस्ट्रा बंद पडला. बाबा निवृत्त झाले आणि घरी एकटे वाजवत राहिले. मी त्याला बाबांचा छंद म्हणायचे. लोकांना सांगताना असा शब्द बरा पडतो.

आई गेल्यावर बाबा एका उन्हाळ्यात आमच्याकडे लिमरिकला सहा आठवडे आले. बेस गिटार बरोबर आणली, कपडे कमी आणले. पहिल्याच रविवारी नाश्ता झाल्यावर म्हणाले, "दोन तास बसू या का? नऊ गाणी आहेत. तुझ्या हातात बसतील."

त्या रविवारी लेकीची मॅच होती. पुढच्या रविवारी आठवड्याची खरेदी होती, मग आम्ही सगळे किलकेनीला किल्ला बघायला गेलो. किल्ला त्यांना बघायचा होता की नाही हे मी विचारलं नव्हतं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

"बाबा, रेकॉर्ड करून ठेवा ना," मी म्हणाले. "मी गाडीत ऐकेन. रोज चाळीस मिनिटं गाडीतच असते."

"गाडीत कसं शिकणार?"

"ऐकून तर होईल. मग पुढच्या वेळी बसू."

मी ते विषय संपवायला बोलले. बाबांनी ते काम समजून घेतलं. पुण्याला परत गेले, जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त केला, कुठून तरी कोऱ्या कॅसेट मिळवल्या आणि नुसता बेस रेकॉर्ड करायला लागले. बाकी कोणतंही वाद्य नाही, गाणं नाही. बेस गिटार मात्र त्यांनी माझ्याकडेच ठेवली होती, "तू शिकणार आहेस ना" म्हणून. तिकडे त्यांनी कुणाची तरी मागून आणली. रविवारच्या फोनवर आकडा सांगायचे.

"चौथी झाली."

"छान."

"एक लक्षात ठेव. माझ्या पायाकडे लक्ष दे. मोजायचं नाही, पाय ऐकायचा. त्यावर सगळं आहे."

"हो बाबा."

मी तेव्हा डिशवॉशर रिकामा करत होते. हे वाक्य मी ऐकलं होतं हे मला पाच वर्षांनी आठवलं.

अकरा झाल्यावर ते म्हणाले, पार्सलने पाठवतो. मी म्हणाले, नको, हरवतील, मी आले की घेऊन जाईन. त्यानंतर मी दोनदा पुण्याला गेले आणि दोन्ही वेळा बॅगेत जागा नव्हती. म्हणजे लाडवांना होती.

बाबा मार्चमध्ये गेले, झोपेत. मला रजा नऊ दिवसांची मिळाली. फ्लॅटला गिऱ्हाईक आधीच होतं आणि त्याला महिनाअखेरीस ताबा हवा होता. मी एकुलती एक. नऊ दिवसांत चाळीस वर्षांचं घर रिकामं करायचं तर माणसाने हळवं होऊन चालत नाही. मी झाले नाही. एका खोलीला एक दिवस, असा हिशेब मांडला आणि तो पाळला.

कॅसेट मी फेकल्या नाहीत, एवढं माझ्या बाजूने सांगते. जुन्या टेप, लग्नाच्या फिती वगैरे कॉम्प्युटरवर उतरवून देणारं एक दुकान जवळच होतं. दुकानदार माझ्याच वयाचा, कामाला चोख. त्याने एक कॅसेट लावली, थोडी पुढे पळवली, थोडी ऐकली.

"मॅडम, हे एकच वाद्य आहे. मधे मधे खूप ब्लँक आहे. तो भाग काढू का? फाइल लहान होते."

"काढा."

"आणि मागे खरखर आहे. ठकठकपण येतेय काहीतरी."

"तीही काढा," मी म्हणाले. "स्वच्छ करून द्या."

स्वच्छ. कारखान्यात दिवसातून वीस वेळा हा शब्द मी वापरते.

तीन दिवसांनी त्याने पेनड्राइव्ह दिला आणि कॅसेटची पिशवी परत दिली. मी दुकानातच पहिली फाइल चालू करून बघितली. आवाज येत होता. तपासलं, पटलं, सही केली. परत आले तेव्हा इमारतीखाली भंगारवाला आमचा जुना मिक्सर, पंखा आणि टेपरेकॉर्डर घेऊन चालला होता. पिशवी त्याच्या हातगाडीवर ठेवली. कॅसेट आता लागणार नव्हत्या, आणि नको असलेल्या वस्तूची प्रत जपून ठेवणं ही सामान वाढण्याची सुरुवात असते, असं माझं तेव्हा मत होतं.

पेनड्राइव्ह लिमरिकच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये पडून राहिला. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आता आम्हीही तेच म्हणतो. चार्जर, बॅटऱ्या, मेणबत्त्या आणि बाबा. दोन वर्षं.

तो बाहेर निघाला तो एका टेबलामुळे. कारखान्यात आमची एक क्लीनरूम आहे. तिथे सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात असतात, फक्त डोळे दिसतात. मी तपासणीला गेले होते. एक बाई सूक्ष्मदर्शकापाशी बसून दोन बोटांनी टेबलावर ताल धरत होती. तिथे ते चालत नाही. सांगायला जवळ गेले आणि थांबले. ती पहिली मात्रा सोडत होती.

"तू सम सोडते आहेस," असं मला म्हणायचं होतं. सम हा शब्द इंग्रजीत कसा सांगणार? मी म्हणाले, "तू पहिला ठोका वाजवत नाहीस."

झग्यातले डोळे मोठे झाले. "तुला कसं कळलं?"

"माझे वडील रेगे वाजवायचे."

"भारतात?"

"पुण्यात."

"जा गं," ती म्हणाली. इथे एवढं आश्चर्य दाखवायला इतकंच म्हणतात. मग ती म्हणाली, तिचा पाच जणांचा बॅण्ड आहे. ती ड्रमवर. दर गुरुवारी सहा वाजता शाळेमागच्या हॉलमध्ये सराव. त्यांचा बेसवाला कामासाठी डब्लिनकडे गेलाय, डून लेरीला राहतो, आता काही परत येत नाही. "तू वाजवतेस का?"

पन्नाशीच्या बाईने अशा प्रश्नाला नाही म्हणायचं असतं. मी म्हणाले, "लहानपणी वाजवायचे." आणि मग तिला टेबल वाजवू नकोस हेही सांगितलं, कारण ते सांगणं माझं काम होतं.

त्या शनिवारी मी बेस गिटार जिन्याखालून काढली, कोटांच्या मागून. तारा बदलल्या. पेनड्राइव्ह लावला. बाबांचा आवाज आला, "गाणं पहिलं," आणि मग बेस सुरू झाला. मी एका जागी बसून पूर्ण ऐकलं. काहीतरी चुकत होतं, पण काय ते कळत नव्हतं. सूर ओळखीचे होते आणि गाणं ओळखीचं नव्हतं.

लेक फ्रिज उघडून उभी होती. तिला मराठी कळतं, पण ती बोलते लिमरिकच्या इंग्रजीत. ती म्हणाली, "आजोबा एवढ्या घाईत का आहेत?"

तेव्हा कळलं. बाबांनी आयुष्यात कधी घाईत वाजवलं नव्हतं. दुकानदाराने 'ब्लँक' काढले होते. एका सुरानंतर बाबांनी हात उचलून धरलेला, सम रिकामी गेलेली, मग पुढचा सूर. मधली रिकामी जागा कापून दोन सूर एकमेकांना चिकटवलेले होते. सगळ्या अकराच्या अकरा कॅसेटमध्ये. आणि ज्या ठकठकीवरून कळलं असतं की सम कुठे होती, ती ठकठक म्हणजे बाबांची टाच होती. तीही स्वच्छ करून दिलेली होती.

सोमवारी पुण्याच्या दुकानाला फोन केला. मूळ प्रत महिनाभर ठेवतो मॅडम, मग पुसतो, तुमच्या पावतीवर लिहिलंय. लिहिलेलं होतं. त्याची काहीच चूक नव्हती. त्याने दोन प्रश्न विचारले होते आणि मी दोन्हींना होकार दिला होता.

मग मी इंजिनिअर करेल ते केलं. प्रत्येक सुराची लांबी मोजली, कागदावर आठ-आठ मात्रांचे चौकोन आखले आणि सूर त्यात बसवायला लागले. अडचण अशी की ते तीन-चार तऱ्हांनी बसत होते. प्रत्येक तऱ्हा गणिताने बरोबर होती. बाबांची कुठली, हे गणित सांगत नव्हतं. लहानपणी ऐकलेलं आठवून बघितलं, तर टेलिफोनवाल्याच्या गाण्याची चाल आठवत होती, शब्द आठवत होते. बेस नाही. ऐकणाऱ्याला बेस आठवत नाही. मीही शेवटी ऐकणाऱ्यांतलीच निघाले.

तरी गुरुवारी जायला लागले. बॅण्डमधल्यांनी मला मुकाट्याने सामावून घेतलं. त्यांची गाणी मी साधीसुधी वाजवायची. ड्रमवालीला मी टेलिफोनवाल्याचं गाणं अर्थासकट म्हणून दाखवलं तेव्हा ती टाळ्या वाजवून हसली. म्हणाली, हॉलच्या छपराच्या दुरुस्तीला पैसे जमवायला महिन्याभराने दुपारचा कार्यक्रम आहे, त्यात हे घेऊ या. मराठीतच. मी म्हणाले, बेस नाही माझ्याकडे. ती म्हणाली, "हे हातात काय आहे मग?"

ढोलकीकाकांचा फोन नंबर मिळवायला मला आठवडा लागला. खरं तर तो मी आधीच शोधायला हवा होता. बाबा गेल्याचंही मी त्यांना स्वतः कळवलं नव्हतं. रविवारी सकाळी मी व्हिडिओ कॉल केला, तिकडे दुपार होती. काका ऐंशीच्या घरात. सुनेने फोन त्यांच्यासमोर डब्याला टेकवून ठेवला.

"आगं, ही तर बापाचंच तोंड घिऊन आलीया," काका म्हणाले. "खाती का न्हाई काही तिकडं?"

मी कामाचं बोलले. सम कुठे रिकामी जायची, हे त्यांना आठवतं का?

"मला काय इचारतीस पोरी? मी वाजवत व्हतो, ऐकत थोडाच व्हतो?"

"काका, तुम्ही समेला तंबाखू मळायचात."

ते खोखो हसले. "त्ये बी बंद केलं. ह्या सूनबाईनं अन् डाक्टरनं मिळून." आतून सूनबाईंचा आवाज आला, "मग काय तर!"

"नुसता हात करा," मी म्हणाले. "तंबाखू आहे असं समजा."

मी फाइलमधल्यासारखे सूर सलग, पण सावकाश वाजवायला लागले. काकांनी डावा तळहात उघडला. पहिल्यांदा बोट हललंच नाही. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "थांब थांब, परत." आणि तिसऱ्यांदा, तिसऱ्या सुरानंतर, त्यांच्या बोटाने मोकळ्या तळहातावर टिचकी मारली. मी तिथे थांबले. पुढचा सूर. आणखी दोन. टिचकी. काकांचे डोळे मिटलेले होते. त्यांना काही आठवत नव्हतं, त्यांच्या हाताला आठवत होतं. अर्ध्या तासात अख्खं धृपद लागलं. माझ्या कागदावरच्या चार तऱ्हांपैकी ते एकाही तऱ्हेत बसत नव्हतं.

अंतऱ्याला मात्र बोट हवेत राहिलं. पुन्हा वाजवलं. बोट थोडं खाली आलं, परत वर गेलं.

"अंतऱ्याला तुझा बा रोज येगळा वाजवायचा," काका म्हणाले. "मी नुसता त्याच्या पायाकडं बघायचो. पर त्यानं तुझ्यासाठी टेपा केल्या व्हत्या की. मला सांगत व्हता, पोरीसाठी समदं पक्कं करून ठिवलंय म्हून. टेप लाव."

"टेप नाहीत, काका."

"का गं?"

मी सांगितलं. दुकान, ब्लँक, ठकठक, हातगाडी. काका ऐकत होते. मी थांबल्यावर ते फोनकडे न बघता थोडा वेळ तळहात चोळत राहिले.

"बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "तिकडं थंडी लई असंल."

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

कार्यक्रम शनिवारी दुपारी तीनला झाला. हॉलमध्ये चहाचं मोठं भांडं, केक, म्हातारे शेजारी, आमच्या कारखान्यातली बरीच मंडळी, लिमरिकच्या विद्यापीठात शिकणारे आठ-दहा मराठी विद्यार्थी. "गल्लीभर घंटा वाजते" ला त्या विद्यार्थ्यांनी पहिल्याच ओळीला दाद दिली. मी धृपद काकांच्या टिचकीवरून वाजवलं. समेवर हात उचलत होते आणि बूट आपटत होते. ड्रमवाली माझ्याकडे बघून मान हलवत होती. ते बाबांचं होतं. त्याबद्दल मला शंका नव्हती.

अंतरा आला आणि मी थांबले. हे मी आधीच ठरवलं होतं, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं. जे माझ्याकडे नाही ते असल्यासारखं दाखवायचं नाही, असं मला वाटत होतं. मी गात राहिले, ड्रम आणि गिटार चालू राहिले, बेस बंद. दुसऱ्या ओळीला चहाच्या भांड्यापाशी उभा असलेला एक म्हातारा लगबगीने स्टेजवर आला, वाकला आणि माझ्या स्पीकरची पिन तपासायला लागला. त्याला वाटलं, वायर निघाली. मी त्याला खुणेने सांगितलं, ठीक आहे. त्याने पिन काढली, फुंकली आणि परत खोचली.

नंतर ड्रमवाली म्हणाली, "ग्रँड झालं. पण मधे कुठे गेली होतीस?"

"तो भाग माझ्याकडे नाही."

तिने खांदे उडवले. केक घेतला.

मी कार्यक्रमाचा व्हिडिओ काकांना पाठवला. मला वाटत होतं, त्यांना माझा प्रामाणिकपणा आवडेल. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाजी निरोप आला, सुनेने रेकॉर्ड करून पाठवलेला. सुरुवातीला भांड्यांचा आवाज, "बोला की आता" असं सूनबाईंचं, आणि मग काका:

"धृपद झ्याक. बाप खूश झाला असता. पर अंतऱ्याला गप का बसलीस? म्हायती न्हाई म्हून कापून टाकलंस व्हय? परत?"

एवढाच निरोप. गाडी कारखान्याच्या पार्किंगमध्ये उभी होती आणि मी तो चार वेळा ऐकला. मग कामावर गेले.

पुढच्या गुरुवारी मी गॅरेजमधली एक फळी हॉलवर घेऊन गेले. हॉलमध्ये गालिचा आहे, पायाचा आवाज येत नाही. फळी खुर्चीपुढे टाकली, उजवा बूट आणि मोजा काढला. ड्रमवाली म्हणाली, "हे आता काय?"

"असंच शिकले होते," मी म्हणाले.

धृपद झालं. अंतऱ्याला मी टाच आपटली, हात उचलला आणि मग काहीतरी वाजवलं. दुसऱ्या फेरीला वेगळं वाजवलं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक सूर लवकर पडत होता. तो चुकतोय हे मला कळत होतं, पण तो नेमका कुठे पडायला हवा हे कळत नव्हतं. आम्ही तो भाग सहा वेळा केला. सहाही वेळा तो सूर तिथेच लवकर पडला. अजूनही पडतो.

बाबांनी माझ्याकडे दोन तास मागितले होते. ही चूक दाखवायला त्यांना दोन मिनिटंही लागली नसती.